खुणेच्या वेली

कृष्णनाथाने डोक्यावरचा भारा अंगणात उतरवला तेव्हा तो हसत होता, म्हणून यशोदाने आधी भाऱ्याकडे पाहिलेच नाही. आषाढात धाकट्या भावाशी, सगुणाशी, त्याच्याच मुलीच्या, आनंदीच्या, शिक्षणावरून खडाजंगी झाली, त्यानंतर तिच्या नवऱ्याच्या तोंडावर हसू म्हणून उमटले नव्हते. आज तयीचा, हरतालिकेचा दिवस. उद्या चवथ. गणपतीच्या पाटाच्या वर माटोळीची, रानफळे बांधायची, लाकडी चौकट टांगून झाली होती. आंबाडे, कवंडळे, सुपारीची शिंपुटे, सगळे बांधून झाले होते. कोरगावच्या डोंगरावरच्या कांगल्यांच्या वेलींची तेवढी वाट होती. त्या पिवळ्या घोसांवाचून ह्या घरातली माटोळी कधी पुरी झाली नव्हती.

"ह्या वर्साक शोधूक लागलां नाय," तो पंचाने मान पुसत म्हणाला. "पोरीन आमच्यासाठी वेली राखून ठेवल्यान. तांबडो दोरो बांधून. एकेक घोस बघ कसो लागलो आसा."

यशोदाने भाऱ्याची गाठ सोडली. घोस खरेच भरदार होते. आणि वेलीच्या प्रत्येक तुकड्याच्या बुडख्याशी तांबड्या लोकरीत ओवलेली एकेक पत्र्याची चकती लोंबत होती. चकतीवर खिळ्याने टोचून आकडा काढलेला.

तिचे हात तिथेच राहिले.

"अहो," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "ह्यो माटोळेच्यो नाय."

"मगे कोणाच्यो?"

"आनंदीच्या अभ्यासाच्यो."

तो भाऱ्यापाशी खाली बसला. त्याच्या हातून झाले ते ह्या गावाबाहेरच्या कोणाच्याही हातून झाले नसते. श्रावण लागला की इथली माणसे रानात जाऊन चांगली वेल हेरतात आणि तिला तांबडी चिंधी नाहीतर दोरा बांधतात. ती वेल मग त्या घराच्या गणपतीची. दुसरा कोणी तिला हात लावत नाही, लहान मूलसुद्धा नाही. कृष्णनाथाने डोंगरभर तांबडे दोरे पाहिले, आपल्या पुतणीने बांधलेले म्हणून ओळखले, आणि पोर शिकली तरी देवाचे विसरली नाही म्हणून त्याचा ऊर भरून आला. पत्र्याच्या चकत्यांचे त्याला नवल वाटले नाही. शिकलेल्या माणसांची खूण जराशी वेगळी असायचीच.

यशोदाने एक चकती पालथी केली. मागे बिस्किटाच्या डब्यावरचे निळे फूल अर्धे उरले होते.

आनंदीला ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळायची होती. मिळाली असे अजून म्हणता येत नव्हते. विषयाचे नाव समष्टी-परिसरशास्त्र. एका जागी एका जातीचे जीव किती, त्यांतली पोरे किती आणि म्हातारी किती, जन्मतात किती आणि तगतात किती, आणि वर्षे लोटली की ती जमात वाढते की सरते, हे शोधायचे. जागा एकच होती आणि मागणारे पुष्कळ. तिथल्या बाईंनी तिला सांगितले होते, पावसाळाभर तुझ्या डोंगरावर काम कर, खुणा घाल, कुठल्या वेलीला किती बी धरते ते बघ आणि चवथ झाली की समितीपुढे येऊन दाखव. आनंदीने कांगल्याच निवडल्या. डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात हा घोस वर्षागणिक लहान होत चालला होता, आणि का, ते कोणाला सांगता येत नव्हते.

आणि आता बी मोजायच्या आधीच तिच्या वेली अंगणात येऊन पडल्या होत्या.

"काय झालां? दोगांय अशी कित्याक बसल्यात?" विमला आतून आली. कृष्णनाथाची ही बहीण डिचोलीला दिलेली. नेवऱ्यांच्या सारणाचा नारळ किसता किसता उठली होती, हाताला ओल्या खोबऱ्याचा चव चिकटलेला. तिने भारा पाहिला, चकत्या पाहिल्या आणि तिला सांगावे लागले नाही. ती ओटीवरच्या बांकावर बसली.

"बरां झालां," ती म्हणाली. "माका तोंड उघडूक लागलां नाय, देवानच केल्यान."

"विमले."

"मगे काय, दादा? शाळेतली जागा मी किती दारां फिरान तिच्यासाठी राखून ठेवलंय. कायमची. माझ्या घरापासून चलान जावच्यासारकी. तां सोडून ही रानात झाडांची शिरगणती करतली. झाडां काय मतां देऊक जातत?" तिने आवाज खाली आणला. "वैनी, आयक माझां. चकत्यो काढ आणि बावीत टाक. घोस माटोळेक बांध. चवथ सरेसर कोणी तोंड उघडूचां नाय. तिका कळासर समितीचो दिस येतलो, हात रिकामे म्हणान जावची नाय, आणि सोमवारा शाळेत रुजू. कोणाचो वाद नाय, कोणाचां रडणां नाय."

यशोदाला उपास होता, पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता, आणि तयीच्या दिवशी घरात शब्द वाढू नये हा तिचा लग्नापासूनचा नेम. विमला सांगत होती ते सोपे होते, चकत्या विहिरीत गेल्या की झाले. नवऱ्याचा पडलेला चेहरा झाकला गेला असता. गणपती घरात येताना सगळी माणसे हसतमुख असती. आपल्याला मूल नाही, ही पोर आपल्या मांडीवर वाढली, ती डिचोलीला आतेच्या घरी राहिली तर दर रविवारी दिसेल, हेही तिच्या मनात येऊन गेले, आणि ते आले म्हणूनच ती सावध झाली.

"गौरीच्या पूजेक बसतलंय," ती म्हणाली, "आणि मनात ह्यां ठेवून?"

"तुका देवाक दुर्वा मोजूची सवय, तिका रानात वेली मोजूची. दोगी सारख्योच. मोजून कोणाचां काय झालां?"

चातुर्मासात यशोदाचा लाख दुर्वांचा नेम चालू होता. रोज सकाळी ती निवडून, मोजून वाहायची. त्यावर विमलाची ही थट्टा घरात जुनीच होती.

"मोजताना तेवडो येळ डोळे एका जाग्यार रवतत," यशोदा म्हणाली. "माका तेवडां पुरता."

"टाकतंस ना बावीत?"

"वन्सं, बावीत कायेक जावचां नाय."

हे कमल बोलली. आनंदीची आई. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली ते कोणाला कळले नव्हते. सकाळी ह्याच कमलने विमलाशेजारी बसून शाळेच्या नोकरीचे गुण गायले होते, म्हणून विमला तिच्याकडे बघतच राहिली.

"त्यो चकत्यो मी कापलेल्यो आसत," कमल म्हणाली. "भाजी कापूच्या कातरेन. दोन बोटां चिरलेली. तिणा नोकरी करूची असां माका आजूनय वाटता. पण माझ्या पोरीपासून चोरून नाय."

"तू खंयच्या बाजूची गो?"

"माका ठाऊक नाय. पण बावीच्या बाजूची नाय."

कृष्णनाथ एवढ्यात उठून आत गेला आणि जनेलाशी सगळ्यांना पाठमोरा होऊन खिडकीबाहेर बघत राहिला.

पेडण्याहून येणारी दुपारची बस तिठ्यावर वाजली. आनंदी बापाला आणायला बाजारात गेली होती. सगुण वास्कोच्या बंदरात कामाला, सणासुदीला तेवढा रजा घेऊन यायचा. यशोदाने पदर खोचला आणि ती घरात कोणाला काही न सांगता पाणंदीच्या तोंडाशी जाऊन थांबली. घरात शिरल्यावर पोरीला भाऱ्यावरून कळावे, हे तिला नको होते.

दोघे बोलत येत होती. सगुणाच्या हातात बाजाराची पिशवी, आनंदीच्या हातात शहाळी.

"काकी, उपासाची उन्हात कित्याक आयलंस?"

"आनंदी, घरात जावच्या आधी आयक. तात्यान तुझ्या खुणेच्यो वेली कापून हाडल्यान. माटोळेक राखल्यो म्हणान. तेंका ठाऊक नाय होता."

आनंदीने शहाळी खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम लहान झाला, ताप येऊन उठलेल्या मुलीसारखा. यशोदाला वाटले, आता ही रडेल. ती रडली नाही. ओठ मिटून एकदा डोंगराकडे, एकदा घराकडे बघून घेतले आणि शहाळी परत उचलली.

"समितीपुढे आता काय दाखवतलंस?" सगुणाने विचारले. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, आणि ते यशोदाने ध्यानात ठेवले.

"आधी बघतंय, बाबा."

घरात मात्र सगळ्यांची जागा बदलली होती. कृष्णनाथ ओटीवर येऊन विमलाशेजारी बसला होता, हात गुडघ्यांवर, जसा पंचायतीत निवाडा सांगायला बसे.

"आनंदी, शाळेची नोकरी धर," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "विमला म्हणता तां बरोबर. माझ्या हातान झालां तां झालां. देवान वाट दाखवल्यान असां समज."

विमलाला हा पाठिंबा अपेक्षित नव्हता. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"दादा," सगुण पिशवी खाली ठेवत म्हणाला, "आषाढात तू माका ह्याच बांकार बसून काय सांगल्लंस? पोरीच्या वाटेत येव नको. माझां तोंड बघू नको म्हणालंस. मी वास्कोत दोन म्हयने त्याचोच इचार केलंय. आता मी वाटेत येवचो नाय म्हणान ठरवून आयलंय तर तू वाटेत बसलंस?"

"मी वाटेत नाय. मी वाट तोडून बसलंय."

"तात्या," आनंदी म्हणाली. ती भाऱ्यापाशी उकिडवी बसून एकेक चकती बघत होती. "सगळ्यो कापलात?"

"तांबडो दोरो दिसलो त्यो सगळ्यो."

"व्हाळापलीकडल्योय?"

कृष्णनाथाने पहिल्यांदा मान वर केली. कोणीतरी अपमान करावा तसा तिच्याकडे पाहिले.

"थंय देवचाराची जागा. थंयसून कोणी पानय हाडता काय? तू ह्या घरातली ना?"

रानाची राखण करणारा देवचार व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला राहतो आणि त्याच्या हद्दीतले घरात आणत नाहीत, हे कोरगावात कोणाला सांगावे लागत नाही. आनंदीच्या हातातली चकती थांबली. ती उठली, साडीचा काष्टा मारला आणि म्हणाली, "तात्या, चला. खंय आणि कशी कापलात तां माका दाखवा. आताच."

"आता?"

"मूर्त संध्याकाळी हाडूची ना? तवसर येतंव."

कृष्णनाथ उठेना, तेव्हा यशोदा उठली. उपासाच्या दिवशी डोंगर चढायची गरज नव्हती, पण ती पुढे निघाली की तो मागून यायचा, हे तिला ठाऊक होते. तसेच झाले. सगुणही निघाला. कमल म्हणाली, मी सारण बघतंय, आणि विमलाने सोडलेल्या विळीवर जाऊन बसली.

काजूंच्या मधून वाट वर गेली होती. पाऊस सकाळी येऊन गेला होता, पाचोळा पायाखाली मऊ लागत होता. आनंदी प्रत्येक कापलेल्या बुडख्यापाशी थांबे, उंची बघे, दोऱ्याच्या एका तुकड्याने पुन्हा खूण करी. कृष्णनाथ आधी दोन पावले लांब उभा राहत होता. मग त्याला राहवेना.

"ही मी हंयसून कापलंय, बघ. गाठीच्या वयर. माझो बापूस असोच कापी."

"कित्याक?"

"गाठीखाली कापली तर परत येवची नाय."

"आणि ही?"

तो घुटमळला. "ही जराशी ओढून काढलंय. कोयतो बोथट झालेलो."

"बरां. तसां लिवतंय." तिने लिहिले. त्यात राग नव्हता. उलट तिचा आवाज चढत चालला होता, नवी वस्तू हाती लागलेल्या माणसाचा चढतो तसा.

व्हाळाशी पोचल्यावर ती थांबली. पलीकडच्या दांडावर झाडांच्या शेंड्यांपर्यंत कांगल्या चढल्या होत्या. हिरव्यात पिवळे घोस, आणि खाली बुंध्यांशी तांबडे दोरे, जसेच्या तसे. यशोदाने हात जोडले. आनंदी अलीकडचे कापलेले बुडखे बघत होती, पलीकडचे घोस बघत होती, पुन्हा अलीकडचे.

"तात्या, तुमी माझां काम मोडूक नाय," ती शेवटी म्हणाली.

"माझां मन राखू नको गो."

"मन राखणां नाय. आयका. वेली कमी कित्याक होतत, ह्यां मी विचारत होतंय. नुसत्यो मोजून तां माका कदीच कळला नसता. उरल्यो किती तेवढांच कळला असता. आता एका बाजूक माटोळेसाठी कापल्यो, पिढ्यानपिढ्या कापतत तश्योच. दुसऱ्या बाजूक कोणाचो हात लागूक नाय. माती एकच, पावस एकच, आणि दोनूय बाजूंच्यो खुणा माझ्या. गाठीवयर कापलेली फुटता काय, ओढलेली मरता काय, कापलेलेक फुडल्या वर्साक बी धरता काय, पोरां खंयच्या बाजूक जास्त जगतत, ह्यां आता बघूक येतला. असो डोंगर मुद्दाम करूक गेलंय असतंय तर गावान माका धरून मारल्यान असता."

सगुण हसला. कृष्णनाथ हसला नाही, पण त्याने कोयता एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आणि दोरो तांबडो मीच बांधलंय," ती म्हणाली. "मुद्दाम. देवाक राखली म्हणान गावातलो कोण हात लावचो नाय. घरातल्या सगळ्यांक सांगूक हवां, ह्यां काय माका सुचूक नाय."

"घरातल्यांक आधी सांगूक हवां," कृष्णनाथ म्हणाला, पण मघासारखे कडक नाही.

संध्याकाळी कुंभाराकडून मूर्ती आली. माटोळीवर कांगल्यांचे घोस चढले. चकत्या आनंदीने एकेक करून आधी उतरवून घेतल्या होत्या. ती शिडीवर उभी राहून बांधत होती आणि विमला खालून घोस देत होती, तोंड फुगवून.

"आते," आनंदी वरून म्हणाली, "माका आणखी एक डोंगर हवो. जंय माणसां खूप कापतत. डिचोलीच्या बाजूक."

"मगे माका काय सांगतंस?"

"रवाक जागा दितलंस काय विचारतंय."

"शाळेत आयलंस तरीय माझ्याकडेच रवतलंस."

"शाळेत आयल्यार सुटी पडली की हंय पळतलंय. वेलींका सुटी नसता. पावसात, दिवाळीक, मे म्हयन्यात, सगळो येळ तुझ्याकडे."

विमलाने हातातला घोस वर दिला नाही. ती तो उलटसुलट करून बघत राहिली.

"आणि चिखलाचे पाय घेवन माझ्या घरात येतलंस."

"येतलंय."

"ह्यो घोस मध्ये बांध," विमला म्हणाली. "तो मोटो आसा."

यशोदाने देवापुढे समई लावली आणि तयीचे शहाळे फोडायला घेतले. आतापर्यंत तिला तहान आठवली नव्हती.

दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला आणि त्यानंतरच्या दिवशी सगुण लेकीला घेऊन ताळगावला गेला. विमला त्या दिवशी डिचोलीला परतणार होती, ती राहिली. कारण विचारले तर म्हणाली, पाय दुखतत. सकाळी मात्र तिठ्यापर्यंत चालत जाऊन आली.

दोघे परतली तेव्हा कृष्णनाथ स्वच्छच असलेले अंगण पुन्हा झाडत होता. सगुणाने चपला काढल्या, बाल्दीतले पाणी पायांवर घेतले, सावकाश.

"सांग मरे," कृष्णनाथ म्हणाला.

"माका भायर बसवल्यानी. मी काय सांगू? तिका विचार."

"जागा मिळाली," आनंदी म्हणाली.

कमलने डोळ्यांना पदर लावला. यशोदा ओटीच्या खांबाला टेकली.

"बाईंनी सगळां आयकून घेतल्यानी. मी चकत्यो मेजार ठेवलंय आणि झालां तसां सांगलंय. एक गृहस्थ म्हणाले, ही चूक झाली. बाई म्हणाल्या, चूक झाली, आणि हिणा ती नीट लिवन ठेवल्यान. पण एक अट घातल्यानी. फुडली चार वर्सां अलीकडल्यो वेली तयीक तश्योच कापूच्यो. त्याच माणसान, त्याच कोयत्यान. माणूस बदललो तर कापणां बदलता. कोण कापतलो म्हणान विचारल्यानी. मी तात्याचां नाव दिलंय."

कृष्णनाथाने झाडू भिंतीला टेकवला.

"चार वर्सां?"

"हय."

"म्हणजे चार वर्सां माका मरूकय मेळाचा नाय."

"नाय मेळाचा."

"आणि कोयतो?"

"धार लावलात तरी चलतली. पण माका सांगून."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला, पण आता जनेलाशी नाही. पाट ठेवल्याचा आवाज आला. त्याला भूक लागली होती.

सगुण बहिणीकडे वळला. "विमले, तुका वायट वाटतला. पण शाळेवाल्यांक उद्याच सांगूक हवां. तुझां नाव जाता नये. मी येतंय तुझ्यावांगडा."

"तू कित्याक येतंस?" विमला म्हणाली. ती आनंदीच्या चिखलाळलेल्या चपला उचलून पायरीच्या कडेला लावत होती. "मी सांगलंय तेंका. फोन केलंय तिठ्यावरसून."

"कदी?"

"सकाळी."

"सकाळी आमी बशीत होतंव. जागा मिळाली नसती तर?"

"नसती मिळाली तर फुडल्या वर्साक मिळाली असती," विमला म्हणाली. "पोर थंय गेलेली ना? आता पानां वाढा. वैनी, तुझो आज खंयचो उपास नाय ना?"

यशोदाला हसू आले. आज शुक्रवार होता, आणि तिचा उपास होता. पण ती म्हणाली, "माझां पान सगळ्यांवांगडा मांड. फळां खातलंय."